कुळाचे टक्के
या आठवड्यात मोबाइलवर एक जाहिरात सारखी समोर येत राहिली: नळीत लाळ भरून पाठवा, पूर्वज कुठले होते ते टक्क्यांत कळवू. मला अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन आठवले. १९६६ मध्ये शिकागोत लेवॉन्टिन आणि त्यांचे सहकारी जॅक हबी यांनी फळमाश्यांची प्रथिनं जेलमधून विजेच्या प्रवाहात सरकवली आणि एकाच प्रजातीत जनुकांचं केवढं वैविध्य दडलेलं असतं, ते मोजून दाखवलं. मग १९७२ मध्ये लेवॉन्टिन यांनी तोच प्रश्न माणसाला विचारला. रक्तगट आणि रक्तातल्या प्रथिनांची १७ जनुकं, जगभरची आकडेवारी. सुमारे ८५ टक्के फरक एकेका समूहाच्या आतच निघाला. ज्यांना आपण वंश म्हणतो, त्यांच्या वाट्याला जेमतेम ६ टक्के आले. पुढे केंब्रिजच्या एडवर्ड्स यांनी दाखवलं, की पुष्कळ जनुकं एकत्र पाहिली तर पूर्वज कुठले ते ओळखता येतं. येतंच. पण त्याने ते ८५ टक्के कमी होत नाहीत, आणि वंशश्रेष्ठत्वाला विज्ञानात जागाही मिळत नाही. लष्कराच्या गुप्त संशोधनाला विरोध म्हणून १९७१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचं सदस्यत्व सोडणारे लेवॉन्टिन मला मोठेच वाटतात. कुळाचा फार अभिमान असेल, तर नळी मागवण्याआधी त्यांचं ‘ह्यूमन डायव्हर्सिटी’ हे पुस्तक वाचा.