आठशे ग्रॅमांचा सांगाडा

तीस वर्षे शाळेत गुणपत्रके भरण्यात गेली, म्हणजे माणसाला जगातील यच्चयावत वस्तू रकान्यांत मांडून पाहण्याची खोड लागते. भाजी घेतानाही आम्ही मनातल्या मनात टवटवीतपणाला किती, भावाला किती, असे गुण देत असतो. या खोडीने गेल्या महिन्यात आम्हांला आमच्याच थोरल्या बहिणीसमोर चांगले तोंडघशी पाडले. ती हकिगत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण ज्या प्रश्नावरून ती घडली, तो प्रश्न हल्ली आपल्या इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याकडील पुष्कळ घरांच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला आहे.

प्रश्न सायकलचा आहे. रामबागेत राहणाऱ्या आमच्या ताईचा मुलगा वयाने चौतीस वर्षांचा, संगणकाच्या व्यवसायातला. आठवडाभर पाठ वाकवून पडद्यासमोर बसतो आणि रविवारी पहाटे खंडवा रस्त्याने सिमरोळ गाठून, भेरूघाट उतरून चोरलपर्यंत जातो व तोच घाट चढून परत येतो. त्याची सायकल कार्बनची. गेल्या पावसाळ्यात घाटातील एका ओल्या वळणावर तो घसरला. कोपर खरचटले, विजार फाटली; सायकलला मात्र काही झालेले दिसले नाही. पुढे दोन महिने त्याच सायकलवरून तो तोच घाट भरवेगाने उतरत होता. एके दिवशी दुकानातील कारागिराने ती धुऊन पुसली, तेव्हा आडवी दांडी आणि बैठकीची नळी जेथे मिळतात, तेथे त्याला केसाएवढी रेघ दिसली. त्याने रुपयाच्या नाण्याने दांडीभर टकटक करून पाहिले. सगळीकडे टणक आवाज आला. रेघेपाशी मात्र बद्द. आतले थर सुटले होते. या सायकलवर आता बसू नका, एवढेच तो म्हणाला.

म्हणून नवी फ्रेम घेणे आले. फ्रेम म्हणजे चाके, हँडल, साखळी वगळून उरणारा नुसता सांगाडा. उंची प्रतीच्या अशा नुसत्या सांगाड्याला काही लाख रुपये पडतात, हे ऐकून ताई दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी बोलली ती एवढेच, "लोखंड निदान वाकतं, वाकून सांगतं. हे वाकतही नाही नि सांगतही नाही. असल्या वस्तूवर माझ्या मुलानं बसायचं, आणि वर इतके पैसे द्यायचे?" यजमानांच्या पश्चात अर्ध्या रामबागेची पोलकी शिवून तिने या मुलाला इंजिनिअर केले आहे. तिचा हा प्रश्न निव्वळ काटकसरीचा नव्हता, हे भाच्याला समजले आणि आम्हांलाही. तेव्हा दोन फ्रेमींचे कागद घेऊन तो आमच्याकडे आला. "मामा, तुम्ही सांगाल ती घेतो. आईलाही तुमचंच पटेल."

आमची स्वतःची सायकल काळी, लोखंडी, सुमारे वीस किलोंची. तिच्यावरून आम्ही आजवर शाळेत गेलो. परंतु तिच्याविषयी विचार करण्याची वेळ कधी आली नाही. न्यायासनावर बसायचे तर अभ्यास करणे भाग होते. तो आम्ही चार रात्री केला.

कार्बनचा तंतू मनुष्याच्या केसाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका बारीक असतो. एक कृत्रिम धागा विशिष्ट रीतीने तापवून तो करतात. ही युक्ती जपानमधील अकिओ शिंदो यांनी १९६० च्या सुमारास शोधून काढली आणि तेथील टोरे कंपनीने १९७१ पासून असे तंतू विक्रीसाठी बनवण्यास आरंभ केला. या तंतूंचे राळेत भिजवलेले पातळ पट्टे कापून एकावर एक रचतात, साच्यात दाबतात आणि भट्टीत भाजतात. आपल्या आजीच्या गोधडीची आठवण व्हावी, असे हे काम आहे. गोधडीत कोणते लुगडे वर, कोणते आत, याला जसा अर्थ असतो, तसा येथे प्रत्येक थराच्या दिशेला असतो. कारण हा तंतू ज्या दिशेने ताणावा त्या दिशेने पोलादाला हार जात नाही, आडवा मात्र दुबळा पडतो. म्हणून एक थर उभा, एक तिरपा, एक उलट तिरपा, असे रचावे लागते. फ्रेमची किंमत केवळ तंतूची नसते, ती या रचनेची असते. ‘अमुक प्रतीचा तंतू वापरला आहे’ एवढ्या जाहिरातीवर भुलू नये. अतिशय ताठ तंतू अधिक ठिसूळही असतो. जाणते उत्पादक निरनिराळ्या प्रतींचे तंतू जागेनुसार मिसळतात.

सायकलींच्या शर्यतींत हा पदार्थ रुळला तो १९८० च्या दशकात. १९८६ साली अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड याने फ्रान्सची मोठी शर्यत जिंकली, ती कार्बनच्या नळ्यांच्या सायकलवर. त्या नळ्या धातूच्या सांध्यांत बसवलेल्या होत्या. पुढे संपूर्ण सांगाडाच साच्यातून काढण्याची रीत आली. दोन्ही रीती आजही नांदतात. मिलानजवळच्या कांबियागो गावी एर्नेस्तो कोलनागो यांनी १९५४ साली काढलेल्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. सांध्यांत नळ्या बसवून केलेल्या त्यांच्या फ्रेमी शौकीन लोक अजून आवडीने घेतात. परंतु २०२४ साली तादेय पोगाचार याने फ्रान्सची शर्यत जिंकली, ती त्याच नावाच्या, पण साच्यातून काढलेल्या फ्रेमवर.

शिवाय पूर्वी चढासाठी हलकी फ्रेम आणि सपाटीसाठी वारा कापणारी फ्रेम, असे दोन वेगळे पंथ होते. तेही आता एकमेकांत मिसळले. स्पेशलाइज्ड कंपनीने २०२० साली ‘टारमॅक’च्या नव्या आवृत्तीत दोन्ही गुण आणून वारा कापणारी ‘व्हेंज’ मागे घेतली. ट्रेक कंपनीने २०२४ साली ‘मॅडोन’मध्ये हलकी ‘एमोंडा’ विलीन केली. ‘टारमॅक’च्या २०२३ च्या उंची फ्रेमचे वजन कंपनी ५६ मापात ६८५ ग्रॅम सांगते. आमच्या घरातील पितळी तांब्याही त्याहून जड भरेल!

एवढी तयारी झाल्यावर आम्ही वही उघडली आणि भाच्याच्या दोन फ्रेमींचे गुणपत्रक मांडले. पहिली शर्यतीच्या घाटणीची, ७८० ग्रॅमांची. दुसरी लांब पल्ल्याच्या आरामशीर घाटणीची, ९८० ग्रॅमांची. वजन, ताठपणा, वारा कापण्याची क्षमता, तंतूची प्रत अशा प्रत्येक रकान्यात पहिली पुढे गेली. शंभरांपैकी पहिलीला सत्त्याऐंशी, दुसरीला एकाहत्तर. आम्ही समाधानाने लाल शाईची रेघ ओढली आणि रविवारी ताईच्या घरी जाऊन निकाल वाचून दाखवला.

ताई शिवणयंत्रावर बसली होती. तिने पाय थांबवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, "मापं घेतलीस का?"

आम्ही म्हणालो, सगळी मापे कागदावर आहेत, मिलिमीटरपर्यंत आहेत.

"ती सायकलची. माझ्या मुलाची?"

वाचकहो, आम्हांला उत्तर सुचले नाही. गुण म्हणजे मूल नव्हे, हे आम्ही आजवर किती पालकांना समजावले असेल! आणि चार रात्री जागून केलेल्या आमच्या गुणपत्रकात, ज्याने त्या सायकलवर बसायचे त्याच्यासाठी एकही रकाना नव्हता. ताई पुढे एवढेच म्हणाली, "कापड कितीही उंची असो, अंगाला बसत नसेल, तर तो झगा खुंटीवरच राहतो."

तिने टेप काढली. भाच्याला भिंतीशी अनवाणी उभे केले, दोन पायांमध्ये जाडसर पुस्तक धरायला लावले आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत माप घेतले. ते ८२ सेंटिमीटर भरले. आम्हांला वाचलेले आठवले. लेमाँडच्या फ्रेंच मार्गदर्शकाच्या, सिरिल गिमार यांच्या काळापासून हे माप ०.८८३ ने गुणून पेडलांच्या आसापासून बैठकीपर्यंतची उंची काढण्याचा प्रघात आहे. गुणाकार ७२.४ सेंटिमीटर आला. भाच्याने आपली जुनी सायकल मोजली, तर तिची बैठक जवळजवळ तेवढ्याच उंचीवर होती. म्हणजे पायांचे बरोबर होते. मग प्रत्येक रविवारी तासाभरात त्याच्या हातांना मुंग्या का येत आणि सोमवारी कंबर का धरे? ही गोष्ट त्याने आम्हांला त्या दिवशी प्रथम सांगितली. कारण ती त्याला आजवर कोणी विचारलीच नव्हती.

याचे उत्तर फ्रेमच्या दोन मापांत असते. पेडलांच्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे उभे अंतर, त्याला स्टॅक म्हणतात. आणि त्याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर, त्याला रीच म्हणतात. स्टॅक कमी व रीच जास्त, तर स्वार ओणवा होतो. उलट असेल, तर तो जरा ताठ बसतो. ५४, ५६ असे जे माप सांगतात, ते कंपनीगणिक बदलते. ही दोन अंतरे मात्र कोणत्याही दोन फ्रेमींमध्ये प्रामाणिकपणे ताडून पाहता येतात. भाच्याच्या पहिल्या फ्रेमचा स्टॅक ५४५ मिलिमीटर होता, दुसरीचा ५८०. पुढच्या आठवड्यात दुकानात त्याला मापयंत्रावर बसवून हँडल वरखाली करून पाहिले. हाताला मुंग्या न येता तो जेथे स्थिर बसला, ती उंची दुसऱ्या फ्रेमशी जुळली. पहिलीवर तेच साधायचे, तर हँडलखाली पस्तीस मिलिमीटरांच्या कड्या घालाव्या लागल्या असत्या; आणि कार्बनच्या चिमट्याच्या नळीवर किती कड्या चालतील, याला कंपनीची मर्यादा असते. ताईने हे ऐकून "म्हणजे आखूड झग्याला पट्टी," एवढेच भाष्य केले.

आता त्या दोनशे ग्रॅमांचे काय? तोही हिशेब आम्ही पुन्हा केला. स्वार सत्तर किलोंचा आणि सायकल आठ किलोंची, तर एकूण ओझे ७८ किलो. त्यांतून २०० ग्रॅम वजा केले, तर तासभराच्या चढावर सुमारे नऊ सेकंद वाचतात. आपल्या माळव्यात तासभराचा चढ कोठे आहे! शर्यतींच्या जागतिक संघटनेनेच २००० सालापासून संपूर्ण सायकलचे किमान वजन ६.८ किलो ठरवून दिलेले आहे. अधिक हलकी सायकल तेथे चालतच नाही. सपाटीवर विरोध मुख्यतः वाऱ्याचा असतो आणि वाऱ्याला अडवतो तो अधिकांश स्वाराचा देह. फ्रेमचा त्यात अल्प वाटा. कमरेच्या दुखण्याने जो मिनिटामिनिटाला उठून बसतो, त्याला वारा कापणाऱ्या नळीचा लाभ तो कितीसा मिळणार? आणि खड्ड्यांचा धक्का शोषण्याचे काम फ्रेमपेक्षा टायर व त्यातील हवा यांचे अधिक असते. पहिल्या फ्रेममध्ये ३० मिलिमीटर रुंदीचा टायर मावतो, दुसरीत ३८. पावसाळ्यानंतरचे आपल्याकडचे रस्ते ज्याने पाहिले आहेत, त्याला याहून अधिक सांगणे नको.

याचा अर्थ पहिली फ्रेम वाईट, असा कोणी घेऊ नये. विशीतला, लवचीक पाठीचा, खरोखर शर्यतीत उतरणारा मुलगा असता, तर तीच त्याच्या अंगाला बसली असती.

राहिला ताईचा मूळ आक्षेप. लोखंड वाकून सांगते, हे सांगत नाही. त्याला उत्तर एकच. जी वस्तू स्वतः सांगत नाही, तिला आपण विचारीत जावे. पडल्यानंतर, वरून काही दिसो वा न दिसो, फ्रेम तपासल्याशिवाय पुन्हा बसू नये. नाण्याचा आवाज ही केवळ खूण. शंका आली, तर जाणत्याकडून यंत्राने तपासणी करून घ्यावी. पुष्कळदा दुरुस्तीही होते. ती मात्र त्यातल्या तज्ज्ञाकडूनच. बैठकीचा व हँडलचा स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळू नये. किती जोर लावायचा, हे त्याजवळ न्यूटन-मीटरमध्ये छापलेले असते आणि तेवढाच जोर देणारा पाना मिळतो. दुरुस्तीच्या स्टँडवर सायकलची दांडी चापात धरू नये. आणि पूर्वेतिहास ठाऊक नसलेली जुनी कार्बन फ्रेम, ती कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

भाच्याने दुसरी फ्रेम घेतली. आम्ही वहीतले गुणपत्रक फाडले नाही. त्याखाली ‘स्वार’ असा एक रकाना वाढवून ठेवला आहे.

नवी सायकल घरी आली, तेव्हा ताईने तिची किंमत विचारली नाही. शिवणयंत्राच्या खणातून तिने रुपयाचे एक नाणे काढले आणि दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू वाजवीत, कान देऊन, आवाज ऐकून घेतला. ते नाणे आता त्याच खणात, टेपशेजारी असते. रविवारी तो चोरलहून परतला, की आधी सायकल ओसरीवर येते आणि मग चहा.