सीएसएमटीचं भुयार आणि भेंडी बाजारची भाडेपावती

सीएसएमटीला भुयार म्हटलं की परवापरवापर्यंत डोळ्यांसमोर यायचा तो पादचारी सबवे. मोबाइलची कव्हरं, बेल्ट, घड्याळं विकणारे, आणि लोकलसाठी धावणारी गर्दी. ९ ऑक्टोबर २०२५ पासून त्याच परिसरात जमिनीखाली आणखी एक जग सुरू झालं. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ त्या दिवशी पूर्ण मार्गावर धावू लागली. २७ स्थानकं, त्यातली २६ भुयारी. सीएसएमटी त्यांपैकी एक.

स्थानकातून वर आलं की समोर जे दिसतं त्यात आपलंही बरंच काही आहे. रस्त्यापलीकडे अंजुमन-ए-इस्लाम, स्थापना १८७४. ज्या बद्रुद्दीन तय्यबजींनी ती उभी करण्यात पुढाकार घेतला, तेच १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जवळच हज हाऊस. चालत निघालात तर थोड्याच वेळात क्रॉफर्ड मार्केट आणि पुढे मोहम्मद अली रोड. तरीही आपल्या मुलामुलींशी बोलताना मला एक सूर सतत ऐकू येतो: "मेट्रो त्यांची, आपली लोकल बरी."

हा सूर निव्वळ न्यूनगंडातून आलेला नाही. लोकलचं किमान तिकीट ५ रुपये, मेट्रो ३ चं १०, आणि लांबच्या प्रवासाला ७० पर्यंत. शिवाय सीएसएमटीनंतर ही मेट्रो काळबादेवी, गिरगावकडे वळते. डोंगरी, भेंडी बाजार, नागपाडा बाजूलाच राहतात. (माझ्या खालाला मात्र मेट्रोच आवडते. तिच्या गुडघ्यांना लिफ्ट हवी असते, जुन्या सबवेच्या पायऱ्या नकोत.)

पण हे चित्र बदलणार आहे, आणि मला बोलायचं आहे ते याबद्दल. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मेट्रो ११ ला मंजुरी दिली. वडाळ्याकडून येणारा, बहुतांश भुयारी असा सुमारे साडेसतरा किलोमीटरचा हा मार्ग भायखळा, नागपाडा, भेंडी बाजार, क्रॉफर्ड मार्केट, सीएसएमटी असा गेटवेपर्यंत नियोजित आहे. म्हणजे मेट्रो आता आपल्या मोहल्ल्याखालून जाणार.

भुयारी मेट्रोचा बोगदा खोल असतो, पण स्थानकाला वरची जागा लागते. जिने, लिफ्ट, हवेचे झोत, सगळ्यालाच. काळबादेवी-गिरगावात याच जागेसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं हलली, पुनर्वसन त्याच भागात व्हावं म्हणून रहिवाशांना भांडावं लागलं. २०१८ मध्ये पारशी समाजातली काही मंडळी आपल्या आतशबेहरामांजवळून जाणाऱ्या बोगद्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली होती. इबादतीच्या जागेची काळजी असणं मला समजतं. आपल्याकडेही मशीद किंवा दर्गा मार्गात येतो अशी नुसती अफवा उठली तर एका रात्रीत हजार माणसं जमतील. मला शंका आहे ती वेगळीच. त्याच गल्लीतल्या दहा बाय बाराच्या खोल्या जाणार असतील तर किती जमतील? आपलं नागरिकत्व फक्त मजहबी प्रश्नावर जागं होतं, ही टीका बाहेरचे करतात म्हणून खोटी ठरत नाही.

आणि खोली वाचवायची किंवा तिच्या बदल्यात खोली मिळवायची तर कागद लागतो. आपल्या भागात बहुतेक घरं पागडीची. अनेक घरांत भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालीत. सर्वेक्षणाचा माणूस दारात उभा राहील तेव्हा तो पावतीवरचं नाव विचारेल. मग चार भाऊ भांडतील, आणि ज्या बहिणीने शेवटपर्यंत अम्मी-अब्बांची सेवा केली, ती त्याच खोलीत राहत असूनही तिचं नाव कुठेच नसेल. वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ म्हणतो की भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला कोणताही सदस्य भाडेकरू होऊ शकतो. यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. विधवा सून, अविवाहित मुलगी, तलाकनंतर माहेरी परतलेली बहीण, यांचा हक्क ठरवायचा तो आता, घरात शांतता असताना. बुलडोझर आल्यावर कोणी इन्साफाची भाषा ऐकत नाही.

म्हणून या भागात राहणाऱ्या वाचकांना माझं सांगणं अगदी साधं आहे. येत्या रविवारी घरातली ट्रंक उघडा. भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड, मृत्यूचे दाखले एका फाइलमध्ये लावा आणि प्रत्येकाची फोटोकॉपी काढा. घरमालकाकडे नाव बदलण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पावती आईच्या किंवा बहिणीच्या नावावर करायची असेल तर घरातल्या सगळ्यांची संमती लेखी घेऊन ठेवा. आणि चाळीतल्या दोघातिघांनी मिळून माहिती अधिकारात एक अर्ज टाका: आमच्या भागात स्थानकाची प्रवेशद्वारं कुठे प्रस्तावित आहेत, कोणत्या इमारती बाधित आहेत, सुनावणी कधी आणि कुठे होणार, आणि तिची सूचना मराठीसोबत उर्दूतही लावणार का? अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज मराठीत लिहा. ज्याला जमत नसेल त्याला शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने लिहून द्यावा.