‘जिंकलात तरच फी’, पण बिल कुणाच्या नावावर?

‘केस हरलो तर एक पैसाही देऊ नका. जिंकलो तरच फी द्या.’ एखादा वकील असं म्हणाला, तर तुम्हाला काय वाटेल? देवमाणूस भेटला, की कुठंतरी पाणी मुरतंय?

इंग्लंडमध्ये अपघातातल्या जखमींचे नुकसानभरपाईचे दावे मोठ्या प्रमाणावर याच बोलीवर चालतात. ‘नो विन, नो फी’ हे त्याचं जाहिरातीतलं नाव. तुमच्यापैकी जे मास्टर्ससाठी तिकडे जाणार आहेत, शिकता शिकता पार्टटाइम काम करणार आहेत, त्यांना ही जाहिरात कधी ना कधी दिसेलच. म्हणून तिच्यामागचा हिशेब आधीच समजून घेऊ या.

वकील आपल्या कामाच्या तासांची फी लावतो. केस हरली तर ती बुडाली. जिंकली तर मूळ फीवर ‘सक्सेस फी’ चढते. ती मूळ फीच्या १०० टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुपटीपर्यंत जाऊ शकते. हरलेल्या केसेसचा खड्डा जिंकलेल्या केसेसनी भरायचा, असा हा साधा व्यवहार आहे. १९९० च्या कायद्यानं त्याची वाट मोकळी केली आणि १९९५ पासून तो सुरू झाला. २००० मध्ये शारीरिक इजेच्या बहुतेक दाव्यांसाठी मिळणारी सरकारी मदत बंद झाली आणि सामान्य माणसाच्या हातात मुख्यतः हाच मार्ग उरला.

सरकारनं तेव्हा आणखी एक सोय केली. सक्सेस फी हरणाऱ्या पक्षानं भरायची! दावा करणाऱ्याला सगळं फुकट. इथंच गाडी घसरली. बिल आपलं नसेल तर ते किती झालं, हे कोण कशाला विचारेल? मॉडेल नाओमी कॅम्पबेलनं खासगीपणाचा भंग झाला म्हणून ‘डेली मिरर’विरुद्ध दावा केला. २००४ मध्ये ती जिंकली. भरपाई मिळाली ३,५०० पौंड आणि वृत्तपत्राकडे मागितलेला वकिली खर्च होता १० लाख पौंडांहून जास्त! शेवटच्या अपिलासाठी तिनं हीच बोली केली होती. गरिबाला कोर्टाचं दार उघडून द्यायला आणलेली सोय एका सुपरमॉडेलनं वापरली, आणि तेही कायद्याच्या चौकटीत राहून. पुढे २०११ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं ही सक्सेस फी वृत्तपत्राच्या माथी मारणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवला.

एप्रिल २०१३ पासून इंग्लंडनं नियम बदलले. आता सक्सेस फी दावेदारालाच आपल्या भरपाईतून द्यावी लागते. शारीरिक इजेच्या दाव्यात तिला मर्यादाही आहे. वेदनांची भरपाई आणि तोवर झालेलं आर्थिक नुकसान, या रकमेच्या २५ टक्क्यांहून जास्त नाही. पुढच्या आयुष्यातल्या उपचारांसाठी मिळालेल्या पैशाला हात लावता येत नाही. प्रामाणिक दावेदार हरला, तर समोरच्याचा खर्च सहसा त्याच्यावर पडत नाही. थोडक्यात, फुकट काही नाही, पण किती कापलं जाणार हे आधी कळतं.

आणि आपल्याकडे? बार कौन्सिलच्या नियमांनुसार केसच्या निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि भरपाईत वाटा घ्यायला वकिलांना बंदी आहे. कारण पटण्यासारखं आहे. वकिलाचाच पैसा निकालात अडकला, तर त्याचा सल्ला सरळ राहील का? पण बंदीनं प्रश्न संपला असं समजू नका. वाहन अपघाताच्या एका दाव्यात भरपाईच्या टक्केवारीवर लावलेल्या फीचा वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला. डिसेंबर २०१७ मध्ये कोर्टानं अशी फी बेकायदा ठरवली आणि वकिलांच्या फीवर नियमन हवं, असंही सुचवलं.

म्हणूनच आमचं म्हणणं असं, की नुसती बंदी पुरेशी नाही. जे व्यवहार अंधारात होतात, तिथं पक्षकाराच्या हातात कागद नसतो, मर्यादा नसते आणि दाद मागायची हिंमतही नसते. निकालावरची फी नको असेल तर नको, पण फीचा लेखी करार सक्तीचा करा. आणि ती कधी आणायचीच झाली, तर इंग्लंडसारखी मर्यादा पहिल्या दिवसापासून घाला. तेरा वर्षं वाट बघू नका.

तोवर तुम्ही काय करू शकता? घरात, गल्लीत कुणाचा अपघात झाला आणि ‘वकील परवडत नाही’ म्हणून दावाच सोडून द्यायची वेळ आली, तर त्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडे घेऊन जा. १९८७ च्या कायद्यानुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन आहे १५१००. नंबर आत्ताच सेव्ह करा. आणि वकील कोणताही असो, इथला किंवा तिकडचा, सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा: जिंकलो तर माझ्या हातात किती येणार? हरलो तर कुणाचा खर्च माझ्यावर पडणार? आणि केस मध्येच सोडली तर काय? उत्तरं तोंडी नकोत, कागदावर घ्या.