किळस न आणणारे रक्त

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत हल्ली एक विलक्षण सोवळे पाळले जात आहे. पडद्यावर नायकाने शेकडो माणसे कापून काढिली, तर ती करमणूक ठरते; परंतु एखाद्या स्त्रीची पाठ उकलून तीमधून दुसरी स्त्री बाहेर आली, की तोच प्रेक्षक ‘विकृती! विकृती!’ म्हणून ओरडू लागतो. या सोवळ्याची थोडी झडती घेणे आम्हांस अवश्य वाटते.

निमित्त झाले ते कोराली फार्जा या फ्रेंच दिग्दर्शिकेच्या ‘द सब्स्टन्स’ (२०२४) या विज्ञानपटाचे. नेरळ-वांगणीच्या दरम्यान असलेल्या आमच्या शेलूस चार स्नेही मंडळींसह आम्ही तो घरीच पाहिला. दोघे अर्ध्यावरून उठून गेले. उरलेल्यांनी निकाल दिला की, हे पाश्चात्त्यांचे ओंगळ वेड असून आपल्या संस्कृतीशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. हीच मंडळी २०२३ साली कर्जत लोकल धरून कल्याणास ‘ॲनिमल’ पाहावयास मोठ्या हौसेने गेली होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

कथानक थोडक्यात असे. एलिझाबेथ ही एके काळची नामांकित नटी पन्नाशी गाठताच दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमातून काढून टाकली जाते. ती एक गूढ औषध टोचून घेते आणि तिच्या पाठीतून तरुण ‘स्यू’ जन्मास येते. सात दिवस एकीने जगावे, सात दिवस दुसरीने, हा नियम. स्यू तो मोडते, आणि चोरलेल्या प्रत्येक दिवसाचे मोल मूळ शरीराला जरेच्या रूपाने भरावे लागते. या चित्रपटास कॅन महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळाले, आणि २०२५ साली रंगभूषा व केशभूषेसाठी ऑस्कर.

आता ‘आपल्या संस्कृती’विषयी. भरतमुनींनी बीभत्सास आठ रसांत मानाचे स्थान दिले, जुगुप्सा हा त्याचा स्थायिभाव ठरविला, आणि रक्तादिकांनी उत्पन्न होणारा क्षोभज व कृमि-विष्ठेने उत्पन्न होणारा उद्वेगी असे त्याचे भेदही सांगितले. १९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’त दाखविलेला कीचकवध इतका प्रत्ययकारी होता, की ते दृश्य कापून टाकावे लागले. तेव्हा बीभत्स आम्हांस परका आहे, असे कोणी म्हणू नये.

यावर कोणी म्हणेल, त्याच भरतमुनींनी रंगभूमीवर मृत्यू प्रत्यक्ष दाखविण्यास मनाई केली आहे. मान्य! पण मग ती मनाई प्रथम कोणास लागू करावयाची? ‘ॲनिमल’मध्ये कुऱ्हाडीच्या घावांना गाण्याची साथ आहे, मरणाऱ्यांच्या तोंडावर मुखवटे आहेत. चेहरा नाही, म्हणून वेदना नाही. वेदना नाही, म्हणून किळस नाही. आणि किळस नाही, म्हणूनच टाळी! केवळ प्रौढांसाठी, असे प्रमाणपत्र त्यासही होतेच. परंतु प्रौढांच्या मनाचे काय होते, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

‘द सब्स्टन्स’मधील शरीराला मात्र चेहरा आहे, आणि तो पुष्कळसा आमचाच आहे. चित्रपटातील सर्वांत भीषण दृश्यात रक्ताचा एक थेंबही नाही. एलिझाबेथ जुन्या ओळखीच्या गृहस्थास भेटावयास निघालेली असते. ती आरशापुढे रंग लावते, पुसते, पुन्हा लावते. अखेर स्वतःचे तोंड खरवडून घरीच राहते. ‘वय मुळीच दिसत नाही हो तुमचे!’ हे ज्या समाजात सर्वोच्च स्तुतिवाक्य आहे, जेथे वधू पाहिजेच्या जाहिरातीत गोरेपणा व सडपातळपणा विद्येच्या आधी येतात, आणि जेथे ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० साली बदलले तरी गोरे होण्याची हौस बदलली नाही, त्या समाजाने हे दृश्य परकीय म्हणावे काय?

चित्रपट निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. शेवटी प्रेक्षागृहावर रक्ताचे फवारे उडू लागतात, तेव्हा जुगुप्सा थकते आणि हसू येते. आरशाने हळू आवाजात जे सांगितले, तेच दिग्दर्शिका येथे ओरडून सांगते. तो मुलांसमोर लावावा, असेही आम्ही म्हणत नाही.

आमचे म्हणणे इतकेच, की मळमळ होणे हा दोष नव्हे; मन जिवंत असल्याची ती खूण आहे. उठून गेलेल्या आमच्या दोघा स्नेह्यांविषयी आम्हांस काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती कल्याणास तीन तासांहून अधिक वेळ रक्त पाहूनही त्यांना एकदाही उठावेसे वाटले नाही, याची. घरातील वडीलधाऱ्यांनी यापुढे ‘चित्रपटात रक्त किती आहे?’ एवढेच न विचारता, ‘ते पाहून तुला काय वाटले?’ हेही विचारावे. आणि तो प्रश्न मुलांच्या आधी स्वतःस विचारावा.