आधी पाणी, मग पॉवर

हॉस्टेलच्या मेसमध्ये गाड्यांचा विषय निघाला की दहा मिनिटांत कुणीतरी 'स्टेज वन' म्हणतोच. म्हणजे काय, तर लॅपटॉप जोडायचा, ईसीयूचा मॅप बदलायचा, टर्बोचा बूस्ट वाढवायचा आणि वीस-पंचवीस टक्के जास्त पॉवर घेऊन ट्रॅक डेला जायचं! मग चौथ्या लॅपला गाडी तापली की निकालही ठरलेला : "टर्बो आहे रे, तापणारच."

मला हे वाक्य अजिबात पटत नाही. गाडी तापते ती टर्बो आहे म्हणून नाही, हिशेब केला नाही म्हणून. आणि मित्रांनो, हा हिशेब शिकायला जर्मनीला जावं लागत नाही. आयसी इंजिन्सच्या जर्नलमध्ये 'हीट बॅलन्स शीट' नावाचा प्रयोग असतो ना, तोच. इंधनातली किती ऊर्जा शाफ्टला मिळाली, किती कूलिंगच्या पाण्यात गेली, किती सायलेन्सरमधून बाहेर पडली. दरवर्षी सीनियर्सच्या जर्नलवरून तेच आकडे तसेच्या तसे खाली उतरतात, सही होते, विषय संपतो. इंजिन वाचवणारं एकमेव पान आपण असं वाया घालवतो!

आता तोच हिशेब खऱ्या गाडीवर लावून बघू. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय घ्या. २०१३ साली आलेली, १.२ लिटर टर्बो, १०५ पीएस म्हणजे ७७ किलोवॅट. नवी आता मिळत नाही, पण जुन्या बाजारात पोरांचा जीव हिच्यावरच. सपाट रस्त्यावर ऐंशीच्या स्पीडने जायला हिला आठ-दहा किलोवॅट पुरतात. ट्रॅकवर मात्र अर्ध्याहून जास्त वेळ अॅक्सिलरेटर तळाला टेकलेला. तेव्हा ढोबळमानाने साठ-सत्तर किलोवॅट उष्णता कूलंटमध्ये उतरते. म्हणजे बाथरूममधले दोन किलोवॅटचे तीसेक गीझर एकदम चालू, आणि ते सगळं बाहेर फेकायला समोर एक रेडिएटर. त्यात स्टेज वन केलं की गीझर वाढले, रेडिएटर तेवढाच. लॅपटॉपवरून पॉवर वाढते, रेडिएटर वाढवणारं सॉफ्टवेअर अजून कुणी लिहिलेलं नाही.

दुसरी गंमत हवेची. टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. बदलापूरला एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो हे इथे सांगायलाच नको. ४० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर बाहेर पडते ती साधारण १३८ अंशांची. (थर्मोचं सूत्र आहे, करून बघा.) तिला थंड करायला इंटरकूलर. पण बऱ्याच गाड्यांत तो असतो कुठे? रेडिएटरच्या पुढे! त्याच्या जोडीला एसीचा कंडेन्सर. म्हणजे रेडिएटरच्या वाट्याला येते ती आधीच दोघांनी उष्टी केलेली गरम हवा.

म्हणून माझं म्हणणं, पैसे खर्च करायचेच तर आधी हवेच्या वाटेवर करा. हवा आळशी असते. बंपर आणि रेडिएटर यांच्यामध्ये फट दिसली की ती फिन्समधून न जाता बाजूने सटकते. या फटी बंद करायला लागतो फोम. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात फोमचे ढीग आहेत, पण कृपा करून सोफ्याचा आणू नका, तो पाणी पितो आणि उष्णतेने गळतो. एसीच्या पाइपवर गुंडाळतात तो काळा रबरी फोम हवा. काही शेकड्यांत काम होतं. पण फोम बसवल्याचा फोटो टाकून कोण इम्प्रेस होणार? लोकांना सायलेन्सरचा आवाज ऐकवायचा असतो.

गल्लीतले उपाय तर विचारूच नका. बॉनेट मागून वॉशर लावून उचलायचं, म्हणजे गरम हवा निघून जाईल. सिग्नलला उभं असताना जातेही. पण स्पीडला काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर यायच्या ऐवजी आत घुसते. दुसरा उपाय, थर्मोस्टॅट काढून टाकायचा. काही इंजिनांत त्यामुळे बायपास उघडाच राहतो आणि रेडिएटरकडे उलट कमी पाणी जातं. तिसरा, बोअरचं पाणी भरायचं. क्षार आत बसले की मग रेडिएटरवाल्याच्या खेपा. कूलंट जितकं घट्ट तितकं चांगलं, हाही गैरसमजच. ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची ताकद पाण्यापेक्षा कमी आहे. ते गंजापासून वाचवतं, उकळबिंदू वाढवतं, म्हणून हवंच, पण कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात आणि डिस्टिल्ड पाण्यातून. त्याहून महत्त्वाचं रेडिएटरचं झाकण. एक बार जादा दाबाखाली पाणी १०० नाही, १२० अंशांना उकळतं. झाकणाचं रबर गेलं की ही सगळी सूट गेली. एवढंसं झाकण, पण कुणी बदलत नाही!

दोष कुठे आहे तेही थोड्या डोक्याने कळतं. मुरबाडमार्गे माळशेजचा घाट चढताना एसी लावून गाडी तापली, तर आधी फॅन बघा, कारण तिथे स्पीड नसतो. ट्रॅकवर शंभरच्या वर असताना तापली तर फॅनचा फारसा संबंध नाही, हवेची वाट किंवा रेडिएटर बघा. (माळशेजलाच ट्रॅक समजणारे काही महाभाग आहेत. त्यांच्या इंजिनाची काळजी करण्यात अर्थ नाही.) आणि डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत तो ९० वर मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, ग्राहक घाबरू नये म्हणून. तो हलतो तोवर उशीर झालेला असतो. ओबीडीमध्ये लावायचा ब्लूटूथ रीडर एका पिझ्झ्याच्या किमतीत मिळतो, फोनवर खरा आकडा दिसतो. आकडा चढत राहिला तर हीटर फुल्ल सोडा, तोही एक छोटा रेडिएटरच आहे. घामाघूम व्हाल, पण हेड वाचेल. मग एक अख्खी लॅप हळू, वरच्या गिअरमध्ये, आणि पिटमध्ये आल्यावर लगेच चावी फिरवू नका. इंजिन बंद झालं की ऑइल थांबतं, आणि तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये ते जळून कोळसा होतं.

टर्बोला शिव्या देणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९७७ साली सिल्व्हरस्टोनला रेनोने फॉर्म्युला वनमध्ये पहिली टर्बो गाडी उतरवली. रंग पिवळा, आणि सारखी धूर सोडत बंद पडायची, म्हणून इंग्रजांनी तिचं नाव ठेवलं 'पिवळी चहाची किटली'. रेनोने टर्बो फेकून दिला नाही. एका मोठ्या टर्बोच्या जागी दोन छोटे बसवले, इंटरकूलिंग सुधारलं, आणि १९७९ साली दिजाँला झाबुईने रेस जिंकली. पुढे सगळ्यांनाच टर्बो लावावे लागले.

आपल्याकडे हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही. हल्ली साध्या फॅमिली कारमध्येही १ लिटरचं टर्बो इंजिन येतं. ट्रॅक डेला नेलेली गाडी पुष्कळदा बाबांची असते, हप्ते चालू असतात. ट्रॅक असतो चेन्नईला, तेराशे किलोमीटरवर. तिथे अॅल्युमिनियमचं हेड वाकलं, गॅस्केट गेलं आणि ऑइल कटिंग चहासारखं दुधाळ झालं, तर घरी फोन कोण करणार?

आपल्या क्लबमधल्या मुलांना हे जमायला हवं होतं. पण बाहाच्या गाडीचं इंजिन एअर-कूल्ड, त्यामुळे रेडिएटरशी ओळखच होत नाही, आणि बजेट ठरताना स्टिकर्सवर चर्चा जास्त होते. सर आणि मॅडम, एक विनंती आहे. हीट बॅलन्सचा प्रयोग एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता घ्या, लॅबच्या बाहेर, रेडिएटर लावलेल्या इंजिनावर. अर्ध्या रेडिएटरवर पुठ्ठा लावून एकदा, आणि काढून एकदा. त्या दिवशीचे आकडे कुणालाच सीनियरच्या जर्नलमध्ये सापडणार नाहीत.