उजनी किती भरलं विचारता, कशानं भरलं ते कोण विचारणार?

जुलै-ऑगस्ट आला की दिवसाला दहा फोन. "पत्रकार, उजनी किती टक्के झालं?" वीस वर्षं मीही टक्केच छापतोय. शंभर झालं की पेढे, उणे गेलं की मोर्चा. पाणी कसलं आहे, हे छापायचं मलाही सुचलं नाही. चूक माझीही आहे.

धरणाची क्षमता ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. म्हणजे आपण तळाचं पाणी उपसून प्यायलो. त्या तळाशी काय साचतंय? मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून आलेलं पुणे-पिंपरीचं सांडपाणी, तेही सगळं शुद्ध न झालेलं. बॅकवॉटरवर हिरवा तवंग उगाच येत नाही.

आणि नुसतं पुण्याकडं बोट दाखवून भागणार नाही. ऊस आपला, त्याला ओतलेला युरिया आपला, रात्रभर मोकाट सोडलेलं पाटाचं पाणीही आपलंच.

हेच पाणी सोलापूरकर पितात, हेच पुढं चंद्रभागेत येतं आणि वारकरी त्यात स्नान करतात. म्हणून मागणी एकच: टक्केवारीसोबत पाणी तपासणीचा अहवालही दर आठवड्याला जाहीर करा. मी पहिल्या पानावर चौकटीत छापतो.

तुम्हीही पुढचा फोन कराल तेव्हा दोन प्रश्न विचारा. उजनी किती? आणि उजनी कसं?