तोंड आलंय? पंधरा दिवस मोजा

माहुलमध्ये तोंड आलं की कारणं दोनच. अंगात उष्णता झाली, नाहीतर कंपन्यांची हवा लागली. मग मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी, एक ट्यूब, आणि विषय संपला.

हवेचा प्रश्न खोटा नाहीच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये इथल्या लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचं मान्य केलंय. ती लढाई चालूच राहायला हवी. पण प्रत्येक फोडाचं खापर रिफायनरीवर फोडलं की खिशातली पुडी नामानिराळी राहते. मला भीती तिचीच जास्त वाटते.

साधा फोड चांगलाच झोंबतो. जागरण, टेन्शन, चावला गेलेला गाल, कशानेही येतो. कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, तिखट-गरम टाळा, फार तर दोन आठवड्यांत जातो. सारखा येत असेल तर रक्त तपासा, बी-१२ किंवा लोह कमी असू शकतं. टोकदार दात, कवळी घासत असेल तर आधी तिचं बघा.

घात होतो तो न दुखणाऱ्या फोडाने. "दुखत नाही ना, मग कशाला जायचं?" गुटखा खाणारे दादा हेच म्हणतात, मिश्री लावणाऱ्या मावशीही हेच. पंधरा दिवसांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, गिळायला त्रास, यातलं एकही असेल तर दाखवाच. आणि स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर फोड नसला तरी दाखवा. सुपारीने तोंड आतून आखडत जातं.

लगेच टाटाला जायची गरज नाही. मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे, सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे. अर्थात माहुलहून तिथे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, म्हणून लोक टाळतात.

म्हणूनच तपासणी इथे यायला हवी. तीस वर्षांवरील लोकांची तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमाचाच भाग आहे. पण शिबिरात बीपी-शुगर मोजतात, फोटो काढतात, की झालं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी कुठे मिळते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, त्यावर वेगळं लिहीन. तोवर पुढच्या शिबिरात डॉक्टरांना सरळ सांगा, टॉर्च लावून तोंड बघा. दोन मिनिटं लागतात.